वॉल्टर डँडी

वॉल्टर एडवर्ड डँडी (जन्म : ६ एप्रिल १८८६, सेडेलिया, मिसूरी, अमेरिका, मृत्यू : १९ एप्रिल १९४६, बॉल्टिमोर, मेरीलँड, अमेरिका) हे मेंदू व मज्जासंस्थेच्या शस्त्रक्रियेचा पाया घालणाऱ्या अमेरिकन शल्यचिकित्सकांपैकी एक होते. मेंदूतील पोकळ्यांत हवा भरून त्यांचे क्ष-किरण चित्र घेण्याची पद्धत त्यांनी १९१८ मध्ये प्रसिद्ध केली. या पद्धतीमुळे कवटी न उघडता मेंदूतील गाठीची जागा ठरवणे प्रथमच शक्य झाले. मेंदूतील रक्तवाहिन्यांच्या जन्मजात विकृतींवरील त्यांचे १९२८ मधील दीर्घ निबंध या विषयाच्या आरंभीच्या मूलभूत लेखनात गणले जातात. २३ मार्च १९३७ रोजी त्यांनी मेंदूच्या रोहिणीवरील फुगवटा त्याच्या मुळाशी चांदीचा चिमटा बसवून बंद केला. या प्रकारची ती पहिली यशस्वी शस्त्रक्रिया मानली जाते. वैद्यकीय पदवीपासून मृत्यूपर्यंतची सारी कारकीर्द त्यांनी बॉल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स या एकाच संस्थेत घालवली.

जन्म व शिक्षण

डँडी यांचे वडील जॉन हे इंग्लंडमधील लँकेशर परगण्यातून, तर आई रेचेल या आयर्लंडमधील आरमा परगण्यातून अमेरिकेत आल्या होत्या. वडील रेल्वेचे इंजिन चालवीत. सेडेलिया हे त्या काळी रेल्वेवर जगणारे गाव होते. वॉल्टर हे या दांपत्याचे एकुलते एक अपत्य. घरची स्थिती बेताची असली, तरी मुलाच्या शिक्षणाला आईवडिलांनी काही कमी पडू दिले नाही. १९०३ मध्ये ते गावच्या माध्यमिक शाळेतून आपल्या वर्गात पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाले. १९०७ मध्ये त्यांनी मिसूरी विद्यापीठाची पदवी घेतली.

त्याच वर्षी ते जॉन्स हॉपकिन्स वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाले. विद्यापीठात विज्ञानाचा भक्कम अभ्यास झालेला असल्यामुळे त्यांना थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळाला. विद्यार्थिदशेतच त्यांनी शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक फ्रँकलिन मॉल यांच्या संग्रहातील सुमारे २ मिलिमीटर लांबीच्या मानवी भ्रूणाचे सविस्तर वर्णन केले आणि ते १९१० मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी, वयाच्या चोविसाव्या वर्षी, ते वैद्यकाचे पदवीधर झाले. आईवडिलांना ते नेमाने पत्रे लिहीत. ही पत्रे जपली गेल्यामुळे त्यांच्या उमेदवारीच्या वर्षांचा बराच तपशील चरित्रकारांना मिळाला.

हंटेरियन प्रयोगशाळा व हार्वी कुशिंग

पदवीनंतरचे पहिले वर्ष डँडी यांनी हंटेरियन प्रयोगशाळेत काढले. अठराव्या शतकातील शल्यचिकित्सक जॉन हंटर यांच्या नावाने ही प्रयोगशाळा ओळखली जाई आणि प्राण्यांवरील शस्त्रक्रियेचे प्रयोग तेथे होत. हार्वी कुशिंग हे तिचे प्रमुख होते. मेंदूच्या शस्त्रक्रियेला स्वतंत्र शाखेचे रूप देणारे म्हणून कुशिंग यांचे नाव तेव्हाच झाले होते. त्यांच्या हाताखाली डँडी यांनी पीयूषिका ग्रंथीला होणारा रक्तपुरवठा आणि तिच्याकडे जाणारे मज्जातंतू यांचा अभ्यास केला. १९११ मध्ये ते रुग्णालयात कुशिंग यांचे साहाय्यक झाले.

गुरू व शिष्य दोघेही विलक्षण कष्टाळू, महत्त्वाकांक्षी आणि स्वतःच्या मताला चिकटून राहणारे होते. दोघांचे फार काळ जमले नाही. १९१२ मध्ये कुशिंग बोस्टनच्या पीटर बेंट ब्रिगम रुग्णालयात गेले. ते आपल्यालाही सोबत नेतील, अशी डँडी यांची अपेक्षा होती, पण कुशिंग यांनी त्यांना नेले नाही. बॉल्टिमोरमध्येही त्यांच्यासाठी जागा ठरलेली नव्हती, त्यामुळे ऐन सव्विसाव्या वर्षी त्यांचे भवितव्य टांगणीला लागले. अखेर रुग्णालयाचे अधीक्षक विनफर्ड स्मिथ यांनी त्यांच्या राहण्याची सोय केली, आणि शस्त्रक्रिया विभागाचे प्रमुख विल्यम हॉलस्टेड यांनी त्यांना आपल्या विभागात सामावून घेतले. हॉलस्टेड यांच्या हाताखालचे त्यांचे दीर्घ प्रशिक्षण १९१८ मध्ये पूर्ण झाले. मेंदूच्या शस्त्रक्रियेतील दोन मोठ्या परंपरांची, बोस्टनची आणि बॉल्टिमोरची, फारकत येथूनच सुरू झाली.

जलशीर्षाचा उलगडा

अनिश्चिततेच्या याच काळात डँडी यांनी आपले पहिले मोठे संशोधन केले. जलशीर्ष या विकारात मेंदूच्या आतील पोकळ्यांत, म्हणजे विवरांत, पाण्यासारखा द्रव साठत जातो आणि तान्ह्या मुलाचे डोके मोठे होऊ लागते. हा द्रव कोठे तयार होतो, कोणत्या मार्गाने वाहतो आणि कोठे शोषला जातो, याविषयी त्या वेळी निश्चित ज्ञान नव्हते. बालरोगतज्ज्ञ केनेथ ब्लॅकफॅन यांच्यासह डँडी यांनी या प्रश्नाला हात घातला.

त्यांनी कुत्र्याच्या मेंदूतील अरुंद जोडमार्ग कापसाच्या लहानशा बोळ्याने बंद केला. मार्गाच्या वरच्या बाजूची विवरे फुगली आणि प्रयोगशाळेत जलशीर्ष निर्माण झाले. द्रव विवरांच्या आतच तयार होतो आणि वाट अडली की तेथेच साचतो, हे यावरून सिद्ध झाले. रुग्णांच्या विवरांत त्यांनी एक निरुपद्रवी रंगद्रव्य सोडले. ते पाठीच्या कण्यातील द्रवात किती वेळाने उतरते व लघवीतून किती प्रमाणात बाहेर पडते, हे त्यांनी मोजले. या मोजमापांतून विकाराचे दोन प्रकार वेगळे करता आले. एकात द्रवाची वाट मेंदूच्या आत अडलेली असते. दुसऱ्यात वाट मोकळी असते, पण बाहेर पडलेला द्रव पुरेसा शोषला जात नाही. १९१३ व १९१४ मध्ये प्रसिद्ध झालेले हे निष्कर्ष आजही जलशीर्षाच्या उपचाराचा आधार आहेत. लहान मेंदूच्या एका जन्मजात विकृतीला पुढे डँडी-वॉकर विकृती हे नाव मिळाले, त्याचे मूळही याच अभ्यासात आहे.

हवेने काढलेले चित्र

विसाव्या शतकाच्या आरंभी मेंदूच्या शल्यचिकित्सकापुढील पहिली अडचण कवटी उघडण्याची नव्हती. ती कोठे उघडावी, ही खरी अडचण होती. क्ष-किरणांत हाडे दिसत, मेंदू दिसत नसे. हातापायांची शक्ती, नजर, वाचा, तोल यांतील दोष तपासून गाठीची जागा अनुमानाने ठरवावी लागे. अनुमान चुकले, तर कवटी उघडूनही गाठ सापडत नसे.

विवरांत एखादा पदार्थ भरला, तर त्यांचा आकार क्ष-किरणांत उमटेल आणि तो कोठे दबला वा सरकला आहे यावरून गाठीची जागा कळेल, असा डँडी यांचा विचार होता. क्ष-किरण अडवणारे अनेक क्षार व द्रावणे त्यांनी कुत्र्यांवर वापरून पाहिली, पण ती सर्व मेंदूला घातक ठरली. दुसरीकडे, आतड्यातील वायू क्ष-किरण चित्रात काळसर दिसतो, हे हॉलस्टेड यांच्या विभागातील वैद्यांच्या नित्य पाहण्यात होते. हवा क्ष-किरण अडवीत नाही, त्यामुळे ती भोवतालच्या ऊतींपासून वेगळी दिसते, आणि ती शरीराला अपायकारकही नाही. डँडी यांनी विवरातील थोडा द्रव काढून त्याच्या जागी तेवढीच हवा भरण्यास प्रारंभ केला. पहिले रुग्ण लहान मुले होती. त्यांच्या टाळूची हाडे जुळलेली नसल्यामुळे सुई आत घालणे सोपे होते. मोठ्या माणसांच्या कवटीला बारीक छिद्रे पाडावी लागत.

१९१८ मध्ये त्यांनी ही विवरचित्रणाची पद्धत प्रसिद्ध केली. पाठीच्या कण्यातून हवा सोडून ती मेंदूभोवती चढू देण्याची दुसरी पद्धत पुढच्याच वर्षी आली. या तपासण्या त्रासदायक होत्या. रुग्णाला तीव्र डोकेदुखी व उलट्या होत, आणि कवटीतील दाब वाढलेला असेल तर जिवालाही धोका असे. कुशिंग यांनी या पद्धतीविषयी साशंकता दाखवली. तरीही हवेच्या साहाय्याने केलेले चित्रण जगभर रूढ झाले आणि १९७० च्या दशकात संगणकीय छेदचित्रण, म्हणजे सीटी स्कॅन, येईपर्यंत टिकून राहिले. नोबेल पारितोषिकासाठी डँडी यांचे नाव सुचवले गेले होते, पण ते त्यांना मिळाले नाही.

शल्यगृहातील कार्यपद्धती

हॉलस्टेड १९२२ मध्ये निवर्तले. तोपर्यंत जॉन्स हॉपकिन्समधील मेंदूच्या शस्त्रक्रियेची धुरा डँडी यांच्याकडे आली होती, आणि पुढील जवळजवळ पाव शतक ती त्यांच्याकडेच राहिली. निवासी वैद्य, परिचारिका व तंत्रज्ञ यांचा त्यांचा गट रुग्णालयात मेंदू-संघ या नावाने ओळखला जाई. १९४० च्या सुमारास हा संघ वर्षाला हजारावर शस्त्रक्रिया करीत असे. मेंदूच्या शस्त्रक्रियेनंतरचे पहिले काही तास सर्वांत धोक्याचे असतात. हे जाणून त्यांनी १९२३ च्या सुमारास तीन खाटांचा एक स्वतंत्र कक्ष सुरू केला. तेथे प्रशिक्षित परिचारिका रात्रंदिवस रुग्णाजवळ असत. आजच्या अतिदक्षता विभागाचा पूर्वावतार म्हणून या कक्षाचा उल्लेख केला जातो.

डँडी झपाट्याने शस्त्रक्रिया करीत. कुशिंग यांची पद्धत संथ व अतिशय सावध होती, त्यामुळे दोघांची तुलना नेहमी होई. शल्यगृहातील डँडी यांची शिस्त कठोर होती आणि सहायकाच्या हातून चूक झाली की त्यांचा राग अनावर होई. त्यांच्या हाताखाली टिकणे अवघड होते, असे चित्र त्यांच्या शिष्यांच्या आठवणींतून उभे राहते. रुग्णांशी मात्र त्यांची वागणूक निराळी होती. शिक्षक, धर्मोपदेशक, वैद्यकीय व्यवसायातील माणसे आणि गरीब रुग्ण यांच्याकडून ते शुल्क घेत नसत. काही निर्धन रुग्णांना तर त्यांनी पदरचे पैसे दिले.

कुशिंग यांच्याशी वाद

श्रवणतंत्रिकेवर वाढणारी गाठ ही त्या काळच्या मेंदूशस्त्रक्रियेची कसोटी होती. ती मेंदूच्या तळाशी, श्वास व हृदयक्रिया चालवणाऱ्या भागाला चिकटून असते. कुशिंग गाठीच्या आतला भाग पोखरून काढीत व तिचे कवच तसेच ठेवीत. या पद्धतीने मृत्यूचे प्रमाण त्यांनी मोठ्या प्रमाणात खाली आणले होते. पण उरलेल्या कवचातून गाठ पुन्हा वाढे. डँडी यांनी १९१७ मध्ये अशी गाठ कवचासह संपूर्ण काढली आणि १९२२ मध्ये या पद्धतीचे प्राथमिक टिपण प्रसिद्ध केले.

या टिपणात आपल्या कामाची योग्य दखल नाही, असे कुशिंग यांना वाटले. त्यांनी पत्र लिहून तीव्र नापसंती कळवली. डँडी यांनीही माघार घेतली नाही. दोघांचे संबंध पुढे कधीच पूर्ववत झाले नाहीत. व्यक्तिगत कटुतेच्या मुळाशी वैद्यकातील एक खरा प्रश्न होता. रुग्णाला आजच्या धोक्यातून सुरक्षित बाहेर काढून काही वर्षांचे आयुष्य मिळवून द्यावे, की अधिक धोका पत्करून रोग मुळापासून काढावा? कुशिंग यांचा कल पहिल्या बाजूला होता, डँडी यांचा दुसऱ्या. शस्त्रक्रियेची साधने सुधारत गेली, तसा गाठ संपूर्ण काढण्याचा डँडी यांचा मार्ग अधिक मान्य झाला.

रक्तवाहिन्यांच्या विकृती

शरीरात रक्त हृदयाकडून रोहिण्यांतून, म्हणजे धमन्यांतून, जोराने येते. पुढे ते अतिसूक्ष्म केशवाहिन्यांत पसरते व नीलांतून, म्हणजे शिरांतून, हृदयाकडे परतते. केशवाहिन्यांच्या जाळ्यात रक्ताचा दाब उतरतो, त्यामुळे नीलांच्या भिंती पातळ असल्या तरी चालते. काही माणसांच्या मेंदूत जन्मतःच एखाद्या ठिकाणी हे मधले जाळे तयार झालेले नसते. तेथे रोहिण्या व नीला एकमेकींना थेट जोडल्या जाऊन त्यांचा गुंता बनतो. रोहिणीचा पूर्ण दाब नीलेवर येतो आणि ती फुगून वेडीवाकडी होते. रुग्णाला अपस्माराचे झटके येतात, डोके दुखते, हळूहळू एक बाजू लुळी पडते, किंवा गुंता फुटून मेंदूत एकाएकी रक्तस्राव होतो. रुग्ण बहुधा तरुण असतो.

१९२८ मध्ये डँडी यांनी या विषयावर मोठे निबंध प्रसिद्ध केले. स्वतःचे रुग्ण व पूर्वीच्या वैद्यकीय साहित्यातील नोंदी एकत्र करून त्यांनी विकृतींची मांडणी केली. रोहिणी व नीला यांच्यातील थेट जोड, केवळ नीलांची विकृती आणि रक्तवाहिन्यांच्या गाठी असे भेद त्यांनी केले. प्रत्येकीची लक्षणे, रचना व उपचाराची शक्यता त्यांनी वेगवेगळी तपासली.

या लेखनातील उपचाराचा भाग विशेष लक्षणीय आहे. रोग मुळापासून उपटण्याचा आग्रह धरणाऱ्या डँडी यांनी येथे मोठा संयम दाखवला. गुंत्याला रक्त पुरवणाऱ्या एकदोन रोहिण्या बांधल्या, तर इतर वाहिन्या रुंदावून तो पुन्हा भरतो. रक्त बाहेर नेणारी नीला आधी बंद झाली, तर आत कोंडलेल्या दाबाने गुंता फुटतो. तो अखंड काढायचा, तर प्रत्येक पुरवठादार रोहिणी शोधून बंद करावी लागते. गुंता मेंदूच्या पृष्ठभागावर असेल तर हे निदान डोळ्यांना दिसते. तो खोल, शरीराच्या संवेदना व हालचाली यांचे मार्ग एकवटतात अशा भागात असेल, तर तेथे पोहोचण्यासाठी निरोगी मेंदूतून वाट काढावी लागते, आणि रक्त वाहू लागले की अरुंद खळग्यात काहीच दिसेनासे होते. रक्तवाहिन्या विजेने डागून बंद करण्याचे तंत्र तेव्हा नुकतेच, १९२६ मध्ये, मेंदूच्या शस्त्रक्रियेत आले होते. अमेरिकेतील पहिली रक्तपेढी निघण्यास आणखी नऊ वर्षांचा अवकाश होता. अशा परिस्थितीत संपूर्ण उच्छेद हा अत्यंत जोखमीचा मार्ग आहे, असे डँडी यांनी मांडले.

योगायोगाने त्याच वर्षी कुशिंग व पर्सिव्हल बेली यांचा मेंदूतील रक्तवाहिन्यांपासून उद्भवणाऱ्या गाठींवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. रोहिणी-नीलांच्या गुंत्यावरील शस्त्रक्रियेविषयी त्याचाही सूर सावधगिरीचाच होता. इतर बहुतेक बाबतींत परस्परविरोधी असलेले हे दोन शल्यचिकित्सक या एका प्रश्नावर स्वतंत्रपणे जवळजवळ एकाच निर्णयाला आले. हा अडसर दूर होण्यास वेळ लागला नाही. १९३२ मध्ये स्टॉकहोममध्ये हर्बर्ट ऑलिव्हेक्रोना यांनी लहान मेंदूतील असा गुंता संपूर्ण काढला. लिस्बनच्या एगास मोनिझ यांनी १९२७ मध्ये शोधलेले रक्तवाहिनीचित्रण जसजसे रूढ झाले, तसतसा गुंत्याचा नकाशा शस्त्रक्रियेपूर्वीच हाती येऊ लागला.

डोळ्यामागील रक्तवाहिन्यांच्या एका विकारावर मात्र डँडी यांनी शस्त्रक्रियेचा मार्ग काढला. डोक्याला मार लागून मानेतील मोठी रोहिणी कवटीच्या तळाशी फाटली, की तिचे रक्त भोवतीच्या नीलाकोशात शिरते. डोळा बाहेर येतो व नाडीबरोबर धडधडतो. नुसती मानेतील रोहिणी बांधून हा प्रवाह पुष्कळदा थांबत नसे, कारण मेंदूकडून रक्त उलट येई. डँडी यांनी १९३५ मध्ये मानेत व कवटीच्या आत अशा दोन्ही टोकांना रोहिणी बंद करून मधला फाटलेला भाग वेगळा पाडण्याची पद्धत वर्णिली.

२३ मार्च १९३७ ची शस्त्रक्रिया

रोहिणीच्या भिंतीचा एखादा दुबळा भाग फुग्यासारखा बाहेर येतो, तेव्हा त्याला रोहिणीविस्फार म्हणतात. वैद्यकात अ‍ॅन्युरिझम हे त्याचे प्रचलित नाव आहे. मेंदूच्या तळाशी असा फुगवटा फुटला, तर रुग्ण काही तासांत दगावू शकतो. १९३७ पूर्वी यावर दोनच उपाय होते. एक म्हणजे मानेतील मोठी रोहिणी बांधून फुगवट्यातील दाब कमी करणे. दुसरा मार्ग १९३१ मध्ये एडिंबरोच्या नॉर्मन डॉट यांनी दाखवला होता. त्यात फुगवट्याभोवती स्नायूचा तुकडा गुंडाळून त्याला बाहेरून आधार दिला जाई. फुगवटा मूळ रोहिणीपासून तोडण्याचे धाडस कोणी यशस्वी केले नव्हते.

डँडी यांच्याकडे आलेला रुग्ण ४३ वर्षांचा पुरुष होता. त्याच्या एका डोळ्याची पापणी मिटलेली होती आणि तो डोळा हलत नव्हता. डोळा हलवणारी तिसरी मस्तक तंत्रिका ज्या ठिकाणी मेंदूतून बाहेर पडते, तेथे मोठी रोहिणी शेजारीच असते. एवढ्या लक्षणांवरून, रक्तवाहिनीचित्रण न करता, डँडी यांनी रोहिणीविस्फाराचे निदान केले. कवटी उघडून ते मेंदूच्या तळाशी पोहोचले. फुगवटा अपेक्षेप्रमाणे तेथेच होता आणि अरुंद मानेने रोहिणीला जोडलेला होता. त्यांनी त्या मानेवर, रोहिणीच्या भिंतीला अगदी लगटून, चांदीचा बारीक चिमटा दाबून बसवला आणि फुगवटा विजेने डागून आकसवला. मूळ रोहिणीतील प्रवाह चालू राहिला. रुग्ण बरा होऊन घरी गेला, आणि पुढील महिन्यांत त्याच्या डोळ्याची हालचालही परत आली. १९३८ मध्ये डँडी यांनी या शस्त्रक्रियेचा वृत्तांत प्रसिद्ध केला.

चांदीचा असा चिमटा प्रथम वापरात आणला होता तो कुशिंग यांनी, १९११ मध्ये, म्हणजे डँडी त्यांच्या हाताखाली काम करीत असताना. टोरोंटोच्या केनेथ मॅकेंझी यांनी पुढे त्याचा आकार सुधारला. रक्तस्राव थांबवण्यासाठी गुरूने योजलेले साधन दुरावलेल्या शिष्याच्या हाती एका नव्या शस्त्रक्रियेचे मुख्य उपकरण बनले. १९४४ मध्ये डँडी यांनी कवटीतील रोहिणीविस्फारावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्यात त्यांनी आपल्या यशाबरोबर अपयशाचीही नोंद केली आहे. मेंदूच्या मागील भागाला रक्त पुरवणाऱ्या खोल रोहिणीवरील फुगवटे त्या काळी जवळजवळ आवाक्याबाहेरच होते.

इतर कार्य

चेहऱ्याच्या असह्य वेदनेच्या विकारावर डँडी यांनी १९२५ मध्ये कवटीच्या मागील बाजूने पाचव्या मस्तक तंत्रिकेपर्यंत पोहोचण्याची पद्धत आणली. या शस्त्रक्रिया करताना अनेक रुग्णांत रोहिणीचे एखादे वळण तंत्रिकेवर दाबत असल्याचे त्यांना आढळले. वेदनेचे कारण हेच असावे, हा त्यांचा तर्क तीस वर्षांहून अधिक काळाने खरा ठरला. आज याच तत्त्वावर ती रोहिणी तंत्रिकेपासून दूर करण्याची शस्त्रक्रिया केली जाते. मेनिअर विकारातील चक्कर थांबवण्यासाठी त्यांनी तोल सांभाळणाऱ्या तंत्रिकेचा छेद केला, आणि अशा शेकडो शस्त्रक्रिया केल्या. मणक्यांमधील चकती सरकून पाठीच्या मज्जातंतूंवर दाब येतो, हे त्यांनी १९२९ मध्ये दोन रुग्णांच्या आधारे वर्णिले. विवरांत नळी घालून आतला भाग प्रत्यक्ष पाहण्याचा प्रयत्नही त्यांनी १९२२ मध्ये केला होता. १९४१ मध्ये अस्थिशल्यतज्ज्ञ जॉर्ज बेनेट यांच्यासह त्यांनी बेसबॉल खेळाडूंच्या टोपीत बसवायचे संरक्षक कवच तयार केले. ब्रुकलिन डॉजर्स संघाने ते वापरले.

वैयक्तिक जीवन

१ ऑक्टोबर १९२४ रोजी त्यांचा सेडी मार्टिन यांच्याशी विवाह झाला. त्यांना एक मुलगा व तीन मुली झाल्या. सायंकाळी घरी परतणे आणि सुटीचे दिवस मुलांसोबत घालवणे हा त्यांचा नेम होता. परिषदा व समारंभ यांत ते फारसे रमत नसत.

कीर्तीमुळे प्रसिद्ध व्यक्तींसाठी त्यांना वारंवार पाचारण होई. जुलै १९३७ मध्ये संगीतकार जॉर्ज गर्श्विन अत्यवस्थ झाले, तेव्हा डँडी चेसापीक उपसागरात मेरीलँडच्या राज्यपालांसह नौकेवर होते. त्यांना शोधून किनाऱ्यावर आणण्यात आले, पण ते कॅलिफोर्नियाला पोहोचेपर्यंत थांबणे शक्य नव्हते. लॉस एंजेलिसमध्ये इतर शल्यचिकित्सकांनी शस्त्रक्रिया केली आणि ११ जुलै रोजी गर्श्विन यांचे निधन झाले. सप्टेंबर १९३८ मध्ये कादंबरीकार टॉमस वुल्फ यांच्यावर डँडी यांनी शस्त्रक्रिया केली. मेंदूत सर्वत्र क्षयरोग पसरलेला आढळला आणि १५ सप्टेंबर रोजी वुल्फ मरण पावले.

मृत्यू

एप्रिल १९४६ च्या आरंभी डँडी यांना हृदयविकाराचा झटका आला. त्यातून ते सावरत असतानाच दुसरा झटका येऊन १९ एप्रिल १९४६ रोजी, वयाच्या साठाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. सारी उमर ज्या रुग्णालयात शस्त्रक्रिया करण्यात गेली, तेथेच त्यांनी शेवटचा श्वास घेतला. कुशिंग त्यांच्या सात वर्षे आधी, १९३९ मध्ये, निवर्तले होते.

मूल्यमापन व प्रभाव

डँडी यांच्या कामाचे सूत्र एकच होते : आधी मेंदूच्या आत काय आहे ते नेमके दिसले पाहिजे आणि दिसल्यावर शक्य असेल तर ते मुळापासून बरे केले पाहिजे. हवेच्या चित्रणाने त्यांनी पहिले साधले. दुसऱ्यासाठी त्यांनी जी जोखीम घेतली, तिची किंमत अनेकदा रुग्णांनी मोजली. त्यांच्या लेखनात ही किंमत लपवलेली नाही, आणि रोहिणी-नीलांच्या गुंत्याच्या बाबतीत कोठे थांबावे हेही त्यांनी स्पष्ट सांगितले.

त्यांनी अवघड ठरवलेले प्रश्न पुढील पिढ्यांनी नव्या साधनांनी सोडवले. १९६० च्या दशकात शल्यगृहात सूक्ष्मदर्शक आला, आणि गाझी याशारगिल यांच्यासारख्या शल्यचिकित्सकांनी मेंदूच्या घड्यांमधील नैसर्गिक फटींतून, ऊतींना कमीत कमी धक्का लावून, खोल भागात जाण्याचे मार्ग प्रस्थापित केले. कॅनडातील चार्ल्स ड्रेक यांनी मेंदूच्या मागील भागातील खोल रोहिणीविस्फारांवर शस्त्रक्रियेत प्रावीण्य मिळवले. स्वीडनमध्ये लार्स लेक्सेल यांनी कवटी न उघडता किरणांचे अनेक झोत एका बिंदूवर एकवटण्याचे यंत्र उभारले. खोल भागातील लहान गुंत्यांवर त्याचा विशेष उपयोग होतो. १९८६ मध्ये रॉबर्ट स्पेट्झलर व नील मार्टिन यांनी गुंत्यावरील शस्त्रक्रियेचा धोका मोजण्याची श्रेणी तयार केली. गुंत्याचा आकार, मेंदूतील त्या जागेचे महत्त्व आणि रक्त खोल नीलांत जाते की वरच्या, या तीन गोष्टींवर ती आधारलेली आहे. शस्त्रक्रिया कोणावर करावी व कोणावर करू नये, हा १९२८ मध्ये डँडी यांना पडलेला प्रश्नच या श्रेणीने मोजमापाच्या भाषेत मांडला आहे.

रोहिणीविस्फारावर आज रक्तवाहिनीच्या आतून प्लॅटिनमची बारीक तार घालून तो बुजवण्याचा उपायही केला जातो. तथापि मानेवर चिमटा बसवण्याची पद्धत अद्याप प्रचारात आहे. चांदीऐवजी टायटॅनियमसारखे धातू आले आणि चिमट्याला हवे तेव्हा उघडता येणारी स्प्रिंग आली. फुगवट्याची मान बंद करून मूळ रोहिणी वाहती ठेवण्याचे तत्त्व मात्र १९३७ मध्ये होते तेच आहे. विल्यम लॉइड फॉक्स यांनी डँडी यांचे सविस्तर चरित्र लिहिले असून ते १९८४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांच्या कन्या मेरी एलन मार्माड्यूक यांनी आठवणी व कौटुंबिक पत्रे यांच्या आधारे त्यांच्या घरगुती जीवनावर ग्रंथ लिहिला आहे.